परड्यातले झाड वठले आहे की जिवंत आहे, हे कसे ओळखावे

माघ महिन्यात सांगलीतल्या आमच्या गल्लीत एका घरी खुरचाफा तोडण्यासाठी माणूस बोलावला होता. झाडावर दोन महिने एकही पान नव्हते, जाड बोथट फांद्या सुरकुतलेल्या दिसत होत्या आणि घरच्या मंडळींनी ते वठल्याचे ठरवून टाकले होते. कोयत्याचा पहिला घाव बसताच कापावरून पांढरा चीक असा ओघळला की खालच्या फरशीवर थेंबांची रांग उमटली. वठलेल्या लाकडातून चीक येत नाही. त्याच वर्षी, त्याच गल्लीत, मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात फुलांनी लाल झालेला एक गुलमोहर बुंध्यातून मोडून रस्त्यावर आडवा झाला. मोडलेल्या जागी हात घातला तेव्हा आतले लाकूड ओल्या भुशासारखे मुठीत आले.

एका झाडावर पान नसूनही ते जिवंत होते आणि दुसरे फुललेले असूनही उभे राहण्याजोगे उरले नव्हते. म्हणून परड्यातल्या झाडाविषयी शंका आली, तर दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: झाडात जीव आहे का, आणि झाड धोक्याचे आहे का. पहिल्याचे उत्तर सालीखाली मिळते, दुसऱ्याचे बहुधा बुंध्यात आणि मुळांत. आपण मात्र दोन्हींचा निकाल शेंड्याकडे बघून लावतो.

आधी महिना पाहावा

पानगळ हे लक्षण झाडाची जात आणि महिना माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. खुरचाफा हिवाळ्यात पाने टाकतो. सावर, पांगारा आणि पळस ही झाडे निष्पर्ण होऊनच फुलतात. पिंपळ आणि कडुलिंब फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळतात आणि काही दिवसांतच नव्या पालवीने भरून येतात. गुलमोहर उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडाबोडका दिसतो, साग आणि सीताफळही उन्हाळ्यात बोडके होतात. ही झाडे माघ-फाल्गुनात बोडकी दिसली म्हणून काळजीचे कारण नाही. आंबा, फणस, चिकू, बकुळ ही सदाहरित झाडे मात्र एकाच वेळी सगळी पाने टाकत नाहीत. त्यांची जुनी पाने थोडी थोडी गळतात आणि नवी येत राहतात. त्यामुळे बोडका आंबा कोणत्याही महिन्यात दिसला, तरी ते वाईट चिन्ह समजावे.

शंका असेल तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे गल्लीतले त्याच जातीचे दुसरे झाड पाहणे. त्याला पालवी फुटून पंधरा-वीस दिवस झाले आणि आपले झाड तसेच असेल, तर तपासणी सुरू करावी.

पाने गळण्यापेक्षा पाने न गळणे हे अनेकदा अधिक गंभीर असते, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. पान गळण्यासाठी देठाच्या मुळाशी झाडाला एक वेगळा थर तयार करावा लागतो आणि ते काम जिवंत पेशीच करू शकतात. फांदी अचानक मेली तर तो थर तयार व्हायला वेळच मिळत नाही; पाने जागच्या जागी तपकिरी होतात, कुरकुरीत वाळतात आणि महिनोन्‌महिने फांदीला लटकत राहतात. आंब्याच्या एका फांदीवर अशी करपलेली पाने चिकटून राहिलेली दिसली, तर ती फांदी गेली असे बहुतेक वेळा खरे ठरते. संपूर्ण झाड आठवड्याभरात असे झाले, तर बिघाड शेंड्यात नसून मुळांत किंवा बुंध्यात आहे.

हळूहळू खंगणाऱ्या झाडाची लक्षणे वेगळी असतात. दर वर्षी पालवी थोडी उशिरा आणि विरळ येते, पाने आकाराने लहान होतात, शेंड्याकडच्या डहाळ्या आधी वाळतात आणि मग ते वाळणे वर्षागणिक खाली सरकते. आणखी एक लक्षण फसवे आहे. त्रासात सापडलेले झाड कधी कधी नेहमीपेक्षा जास्त फुलते आणि फळते. चिंच किंवा आंबा एखाद्या वर्षी विरळ पानांतून भरभरून लागला, तर आनंद जरूर मानावा, पण बुंध्याशी वाकून एकदा पाहूनही घ्यावे.

साल खरवडून पाहणे

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिला नखाशिवाय किंवा लहान चाकूशिवाय काही लागत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची डहाळी घ्यावी आणि तिच्यावरची साल अर्ध्या नखाएवढ्या जागेत हलकेच खरवडावी. डहाळी जिवंत असेल तर बाहेरचा पापुद्रा निघताच खाली हिरवी, ओलसर, बोटाला किंचित थंड लागणारी आंतरसाल दिसते. आंब्याची असेल तर कैरीसारखा वासही येतो. मेलेली असेल तर खाली तपकिरी, कोरडे, गवताच्या काडीसारखे लाकूड लागते. नंतर तीच डहाळी वाकवून पाहावी. जिवंत डहाळी वाकते आणि जास्त ताण दिला तर चिरफाळते. मेलेली कट्‌ आवाज करून सरळ मोडते.

एका डहाळीवरून झाडाचा निकाल लावू नये. शेंड्याकडून सुरुवात करून हातभर अंतराने खाली खाली खरवडत यावे, आणि हिरवी साल जिथे पहिल्यांदा लागेल तिथे दोरा बांधावा. झाडाच्या चारही बाजूंच्या फांद्यांवर असे दोरे बांधले की झाड कुठपर्यंत गेले आहे, याचा नकाशाच समोर उभा राहतो. महिन्याभराने पुन्हा खरवडावे. हिरवाई दोऱ्याच्या जागीच टिकून असेल तर झाडाने स्वतःला सावरले आहे. ती दोऱ्याच्या खाली सरकली असेल तर मरणे अजून चालू आहे. एकदा पाहून काढलेल्या निष्कर्षापेक्षा मी या दुसऱ्या तपासणीवर अधिक भरवसा ठेवतो.

जुन्या झाडाच्या खोडावर ही परीक्षा जपून करावी लागते. आंब्याच्या किंवा चिंचेच्या म्हाताऱ्या खोडाची बाहेरची साल जाड आणि मृतच असते, आणि तिच्याखालची आंतरसाल हिरवी नसून फिकट, ओलसर असते. तिथे रंगापेक्षा ओल पाहावी. खोडाच्या चार दिशांना चार लहान जागा खरवडणे पुरेसे आहे. साल गोलाकार मात्र कधीही काढू नये. पानांत तयार झालेले अन्न आंतरसालीतूनच मुळांकडे उतरते. पूर्ण कडे काढले तर पाणी लाकडातून वर चढत राहते, त्यामुळे झाड काही महिने हिरवे दिसते, पण मुळे उपाशी राहतात आणि शेवटी झाड जाते. बुंध्याला आवळून बांधलेली कपडे वाळत घालायची तार किंवा म्हशीची साखळी हेच काम सावकाश करते. बुंध्याशी पालापाचोळा पेटवण्याची सवयही तशीच घातक आहे, कारण सालीचा एक पट्टा भाजून निघतो आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षी त्या बाजूच्या फांद्यांवर दिसतो. ठोकताळा म्हणून एवढे धरावे: घेराच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी साल मेली असेल तर झाड सहसा भरून काढते, निम्म्याहून अधिक गेली असेल तर आशा थोडी ठेवावी.

नारळाला ही परीक्षा लागू पडत नाही. इतर झाडांच्या सालीखाली जो वाढीचा थर असतो, तो नारळाच्या खोडात नसतोच, आणि त्याची सगळी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. त्यामुळे खालच्या झावळ्या पिवळ्या होऊन लोंबणे हे बऱ्याचदा वयाचे लक्षण असते, पण मधले, अजून न उलगडलेले कोवळे पान मलूल होऊन कलले किंवा ओढताच हातात आले, तर झाड वाचण्याची शक्यता फारच कमी राहते. खोडावरच्या भोकातून तपकिरी चिकट द्रव ओघळत असेल आणि चावलेले तंतू बाहेर येत असतील, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत. शांत वेळी खोडाला कान लावला तर त्यांचा कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो. झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर ते काम गेंड्या भुंग्याचे असते आणि तेवढ्याने मोठे झाड मरत नाही.

वडाचा न्याय याच्या उलट आहे. त्याचे मूळ खोड पोकळ झाले किंवा नाहीसे झाले, तरी पारंब्या जमिनीत उतरून खोडे झालेल्या असतात आणि झाड त्यांच्यावर जगते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवे गावच्या वडाचा घेर १८८२ साली १,५८७ फूट मोजला गेला होता, आणि एवढा विस्तार एका बुंध्याच्या जोरावर होत नसतो.

कलमी आंब्याविषयीही एक सावधगिरी बाळगावी. वरचे झाड वाळून बुंध्यातून तरारून फुटवे आले की घरात आनंद होतो. ते फुटवे कलमाच्या जोडाच्या वर आले आहेत की खाली, हे आधी पाहावे. जोडाखालून आलेले फुटवे गावठी खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे असतात. झाड जिवंत आहे हे खरे, पण तुमचा केसर किंवा हापूस गेला.

बिघाड जमिनीत कसा शोधावा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या परड्यात पाणी आठवडाभर उभे होते. पपई आणि शेवगा पाणी ओसरायच्या आतच मेले. आंबा मात्र टवटवीत दिसत होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. दसऱ्याच्या सुमारास त्याची पाने भर दुपारी मलूल होऊ लागली. जमीन ओली असताना पाने मलूल का व्हावीत, असा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. त्याऐवजी आम्ही झाड तहानलेले समजून त्याला पाणी घातले.

मुळांनाही श्वास लागतो. काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतली हवा संपते, बारीक मुळे कुजतात आणि झाड पाण्यात उभे राहून तहानते. खात्री करून घ्यायची असेल तर बुंध्यापासून चार-पाच फुटांवर खुरप्याने वीतभर माती काढावी आणि बारीक मुळे हातात घ्यावीत. जिवंत मूळ घट्ट असते आणि आतून पांढरट किंवा पिवळसर दिसते. कुजलेले मूळ काळे पडते, चिमटीत धरून ओढले की त्याची वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आंबूस वास येतो. आमच्या आंब्याची नदीकडच्या बाजूची मुळे तशी निघाली, दुसऱ्या बाजूची बरी होती. पाणी बंद केले, बुंध्याशी साचलेला टीचभर गाळ काढून टाकला, वाळलेल्या फांद्या हिरव्या सालीपर्यंत छाटल्या. चैत्रात अर्ध्या झाडाला तांबूस पालवी आली आणि अर्धे तसेच राहिले.

पूर न येताही हाच प्रकार घडतो. घराचे बांधकाम झाले की उरलेला मुरूम अंगणात पसरून भराव केला जातो आणि झाडाचा बुंधा दोन फूट गाडला जातो. किंवा पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवून बसवले जातात. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, त्यामुळे ती गुदमरतात. झाड मात्र लगेच मरत नाही. ते दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ झुरत राहते, आणि तोपर्यंत भराव कोणी आणि कधी केला हे घरच्यांच्या विस्मरणात गेलेले असते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी पसरट होत जातो. तो खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसला तर भराव झाला आहे असे ओळखावे आणि माती काढून मूळ पातळी मोकळी करावी.

सांगलीच्या नदीकाठच्या पट्ट्यात क्षारपड जमीन हाही एक त्रास आहे. पानांच्या कडा आणि टोके करपतात, मधला भाग हिरवा राहतो, आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी झाक येते. हे दिसले तर बोअरचे खारे पाणी देणे आधी थांबवावे.

खोडावरची खरी आणि खोटी लक्षणे

आंब्याच्या खोडावर भोक आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला, तर आत भिरूड म्हणजे खोडकिड्याची अळी आहे. तारेचा आकडा भोकात घालून ती ओढून काढावी, कीटकनाशकात किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत बसवावा आणि तोंड चिखलाने लिंपावे. लिंबाच्या बुंध्याशी साल तडकून डिंक वाहत असेल तर तो डिंक्या रोग समजावा; मेलेली साल खरवडून एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातले बोर्डो मलम लावावे आणि पाणी बुंध्याला लागू देऊ नये.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे बुंध्यावर किंवा मुळांवर उगवलेली कडक, फळीसारखी, तपकिरी चकचकीत अळंबी. गॅनोडर्मा या बुरशीचे ते फळ असते, आणि ते बाहेर दिसेपर्यंत आतले लाकूड कुजलेले असते. वादळात मोडलेल्या आमच्या गल्लीतल्या त्या गुलमोहराच्या बुंध्याला अशा दोन फळ्या आदल्या पावसाळ्यात आल्या होत्या आणि मुलांनी त्यांवर दिवा ठेवला होता.

फांद्यांवरचे दगडफूल मात्र बिनदोष असते. मसाल्यात घालतो तेच ते. सालीवर फक्त बसते, झाडातून काही घेत नाही. महाबळेश्वरकडच्या झाडांवरचे शेवाळ आणि आमरी (ऑर्किड) यांच्याविषयीही हेच म्हणता येते. बांडगूळ मात्र झाडाच्या आत मुळी घालून रस शोषते, म्हणून ते नुसते खुडून उपयोग नाही; ज्या फांदीवर ते रुजले आहे ती फांदी जोडाच्या फूट-दीड फूट खालून कापावी लागते. वाळवीचे मातीचे थर दिसले की लोक घाबरतात, पण मोठ्या झाडावर ती बहुधा वरची मेलेली सालच खात असते. माती झाडून खालची साल ओली आहे का, ते पाहावे. पेरू, निलगिरी आणि अर्जुन यांच्या सालीचे पापुद्रे निघणे स्वाभाविकच आहे; खाली गुळगुळीत नवी साल असली की झाले.

कडुलिंबाविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. पावसाळ्यानंतर त्याचे सगळे शेंडे एकाच वेळी तपकिरी होऊन करपल्यासारखे दिसतात. हा शेंडेमर रोग बुरशीमुळे होतो आणि २०२१ च्या सुमारास तेलंगणात तो फार मोठ्या प्रमाणावर दिसला होता. तशा झाडांपैकी बरीच झाडे पुढे पुन्हा पालवतात. त्यामुळे कडुलिंबावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी एक चैत्र जाऊ द्यावा.

धोका कसा जोखावा

लाकडी दांड्याने बुंध्यावर कंबरेच्या उंचीपासून खाली ठोकत यावे. भरीव लाकडाचा आवाज बसका येतो, पोकळ भागाचा डफासारखा घुमतो. पेचकस किंवा बारीक पहार बुंध्याच्या मऊ वाटणाऱ्या जागी दाबून पाहावी. ती सहज आत गेली तर लाकूड कुजले आहे. झाड पूर्वीपासून तिरके असेल तर ते फारसे भीतिदायक नसते, पण या वर्षी नव्याने कलले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग किंवा फुगवटा आला असेल, तर त्या दिवसापासून त्याच्याखाली गाडी लावू नये आणि मुलांना खेळू देऊ नये. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर दिसणे हेही तसेच आहे. तांबट पक्ष्याने फांदीत गोल भोक पाडून घरटे केले असेल तर ती फांदी मऊ झालेली असते; ती वाटेवर नसेल तर पक्ष्याला खुशाल राहू द्यावे.

ही तपासणी होळीच्या आसपास करून ठेवावी, म्हणजे वळवाच्या आधी निर्णय घ्यायला अवधी राहतो. वीजतारांना टेकलेल्या झाडावर कोणालाही चढवू नये. आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

झाड आपल्या परड्यात असले आणि ते पुरते वठलेले असले, तरी ते परस्पर तोडता येत नाही. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. ग्रामीण भागात झाडतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ ही परड्यातली नेहमीची झाडेही आहेत. अर्जासोबत दोऱ्याच्या खुणांचे महिन्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो, बुंध्याचा जवळून काढलेला फोटो आणि घर किंवा रस्ता दिसेल असा एक लांबचा फोटो जोडावा, म्हणजे पाहणीला येणाऱ्यांना काय पाहायचे ते लगेच कळते.

झाड बुरशीने गेले असेल तर नुसते कापून थांबू नये. बुंधा आणि जाड मुळे खणून काढावीत, कारण गॅनोडर्मा त्या लाकडात राहून शेजारच्या झाडाच्या मुळांपर्यंत पोचू शकते. खड्डा एक उन्हाळा उघडा तापू द्यावा आणि नवे रोप तिथून आठ-दहा फूट बाजूला, बुंधा जमिनीच्या पातळीवर ठेवून लावावे.